काकूंची कंपनी

चपला काढल्या की त्या दाराकडे तोंड करून ठेवायच्या. निघताना वळायला लागू नये म्हणून.

कुठल्याही घरात गेल्या की आधी पलंगावर तळहात दाबून बघायच्या, मग बसायच्या.

पलंगापासून बाथरूमपर्यंत पावलं मोजायच्या. मोठ्याने नाही, नुसते ओठ हलायचे.

चहा गार करून प्यायच्या. गरम चहा रिकामटेकड्यांनी प्यावा, असं त्यांचं मत.

कागद कुठलाही असो, खालून वर वाचायच्या.

फोनवर ‘हॅलो’ नाही. ‘बोल.’ पलीकडे डॉक्टर असला तर ‘बोला.’

ज्यांची सेवा करायची त्यांना कधी म्हातारा-म्हातारी म्हणाल्या नाहीत. ‘मोठी माणसं’ म्हणायच्या. नवऱ्याला मात्र ‘आमचा म्हातारा’. काका त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठे.

काकूंना जाऊन तीन आठवडे झाले. वरची यादी मी पहिल्या आठवड्यात केली. त्यापलीकडे काही लिहिता येत नव्हतं. आता थोडं येतंय.

आमची ओळख माझ्या वडिलांच्या आजारपणातली. त्यांची डावी बाजू गेली होती. आई आणि मी दोघी मिळूनही त्यांना उठवू शकत नव्हतो. कोणीतरी काकूंचा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दार वाजलं. दारात पंचावन्न-छप्पन वर्षांची एक ठेंगणी बाई, खांद्याला कापडी पिशवी.

‘आज मी,’ त्या म्हणाल्या. ‘उद्यापासून माझी बाई येईल. पहिला दिवस माझा असतो.’

तो त्यांचा नियम होता. कुठल्याही घरी बाई पाठवायची तर आधी एक दिवस स्वतः तिथे राबायचं. घर कसं आहे, माणूस कसा आहे, घरच्यांचा आवाज कधी चढतो, हे बघायचं. मग कुठली बाई द्यायची ते ठरवायचं. दोन-तीन घरांना त्यांनी पहिल्या दिवसानंतर बाई दिलीच नव्हती. कारण विचारलं तर म्हणायच्या, ‘पलंग डगमगत होता.’ पलंगाचं निमित्त असायचं, हे मला पुढे कळलं.

वडील सहा महिन्यांत काठी घेऊन चालायला लागले. काकू अधूनमधून बघायला यायच्या. एकदा माझ्या पुस्तकांच्या कपाटापाशी थांबल्या.

‘एवढं सगळं वाचलंस?’

‘हो. साहित्यात एम.ए. केलंय.’

‘आणि आता काय करतेस?’

‘शोधतेय.’

‘मग आमच्याकडे ये. आमच्याकडे पत्रं येतात, ती कोणाला कळत नाहीत.’

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस सकाळी मी त्यांच्याकडे जायला लागले. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. ‘एमए, वाच.’ ‘एमए, याला उत्तर लिही, पण कडक नको.’ काकाही तसंच म्हणायला लागले. मग सगळ्या बायका.

काकूंचं घर दोन खोल्यांचं, तळमजल्यावर. पुढच्या खोलीत खिडकीशी काकांचं शिलाई मशीन. शेजारी फोनचं टेबल. मागच्या खोलीत ओटा, पलंग, कपाट. बस्स. ते घर दोघांच्या नावावर होतं आणि पूर्ण आपलं व्हायला त्यांना एकोणीस वर्षं लागली होती. काकूंनी तेवढी वर्षं रुग्णालयात आयाचं काम केलं, काकांनी खिडकीच्या उजेडात लोकांचे कपडे शिवले. आता काकांची नजर कमी झाली होती. ते दुरुस्तीची कामं घ्यायचे. बाह्या आखूड करणं, चेन बदलणं. तेही ती खिडकी होती म्हणून जमायचं. तिथे दिवसभर उजेड असायचा.

रुग्णालयातून घरी जाणाऱ्या लोकांना काकू ओळखीची बाई द्यायच्या. एक दिली, मग दुसरी. नोकरी सोडली तेव्हा सात बायका होत्या. मी जायला लागले तेव्हा चौदा.

नव्या बाईचं शिक्षण पुढच्या खोलीत चालायचं. काका रुग्ण व्हायचे. मशीन सोडून स्टुलावर बसायचे आणि अंग टाकून द्यायचे.

‘एवढे जीव तोडून आजारी पडू नका,’ काकू म्हणायच्या. ‘तिला शिकायचंय, रडायचं नाहीये.’

मग बाईकडे वळून:

‘यांचा हात धरायचा नाही. आपला हात द्यायचा. धरू दे त्यांना. आपण धरलं की माणूस सामान होतं. त्याने धरलं की ते चालतं. कळलं?’

रुग्णालयात उलटं शिकवायचे. तिथे दंडाला घट्ट धरायचे. काकूंच्या बायका हात पुढे करून उभ्या राहायच्या आणि थांबायच्या. कधी मिनिट जायचं, कधी दोन. माझ्या वडिलांनी पहिल्या दिवशी पाच मिनिटं लावली होती. मी मोजली होती.

गेल्या वर्षी गावाच्या टोकाला वृद्धांसाठी एक मोठं निवासगृह उघडलं. तिथल्या व्यवस्थापकांना काकूंच्या सहा बायका कायमच्या हव्या होत्या. अट एकच: करार नोंदणी झालेल्या संस्थेशीच होईल. नुसत्या काकूंशी नाही.

‘नुसत्या म्हणजे?’ काकू म्हणाल्या. ‘मी अर्धी आहे का?’

आम्ही तिघं वकिलाकडे गेलो. चष्म्याच्या दुकानावर एक खोली. वकीलसाहेब गलेलठ्ठ, बोलताना कागदावर चौकोन काढायची सवय. काका घाईत गळ्यातली मापाची टेप काढायला विसरले होते.

वकिलांनी पहिला चौकोन काढला.

‘हा सोपा मार्ग. एकटीची मालकी. तुम्ही आणि धंदा एकच. फार कागद नाहीत. पण धंद्याला ठेच लागली तर रक्त तुमच्या पायातून येणार. घरदार सगळं त्यात आलं.’

दुसरा चौकोन. ‘भागीदारी. म्हणजे लग्नासारखंच. दुसऱ्याने घातलेला गोंधळ तुम्ही निस्तरायचा.’

‘त्याचा अनुभव आहे,’ काकू म्हणाल्या.

‘मलाही,’ काका म्हणाले.

तिसरा चौकोन वकिलांनी जरा मोठा काढला. ‘कंपनी. म्हणजे कायद्याने जन्माला घातलेलं तिसरंच माणूस. करार तिचा, चूक झाली तर दावा तिच्यावर. कंपनी बुडाली तरी तुमचं घर जागच्या जागी.’

‘हे माणूस आजारी पडतं का?’

‘नाही.’

‘मग त्याला आमचं काम काय कळणार?’

वकील हसले. काकू हसल्या नाहीत.

‘नाही, मी खरंच विचारतेय. कोणाच्या आईला लागलं, तर तिथे कोण जाणार? ती कंपनी?’

‘तुम्ही जा की. पैसे फक्त कंपनीचे जातील.’

‘मी जाणार आणि म्हणणार, मी आले खरी, पण मी ती नव्हेच.’

वकिलांनी आठवडाभर विचार करायला सांगितलं. जिना उतरताना काकूंचा विचार झालेला होता. एकटीची मालकी. काम माझं, शब्द माझा, चूकही माझी.

बसथांब्यावर काकांनी गळ्यातली टेप काढून गुंडाळली. मग म्हणाले, ‘तू धंदा कर. माझी ना नाही. पण घर त्यात आणू नकोस.’

‘घर कुठे आलं मध्ये?’

‘वकील काय म्हणाला? घरदार सगळं.’

‘इतकी वर्षं झाली, आमच्या हातून कोणाला खरचटलंसुद्धा नाही.’

‘म्हणूनच भीती वाटते,’ काका म्हणाले.

तो आठवडा पुरा झाला नाही. बुधवारी सकाळी अकरा वाजता एक मोठं माणूस पडलं.

त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय एक्याऐंशी. त्यांच्याकडे आमची शिडी जायची. शिडी म्हणजे चौदा जणींतली सगळ्यात उंच बाई. माळ्यावरचं सामान तिनेच काढायचं, म्हणून हे नाव. चार महिने ती तिथे होती. रोज अकराला मुख्याध्यापिका बाई तिचा हात धरून पलंगापासून खिडकीपर्यंत चालायच्या. त्या दिवशी खिडकीशी पोचल्या, शिडीचा हात सोडला आणि पडद्याकडे वळल्या. पडदा कडीतून निसटून वाकडा लोंबत होता. शिडीने पुढे झेप घेतली. हातात पदर आला. बाई पडल्या. कमरेचं हाड मोडलं.

शिडीने आधी रुग्णवाहिका बोलावली, मग काकूंना फोन केला. काकू रुग्णालयात पोचल्या तेव्हा बाईंचा मुलगा यायचा होता. तो इंजिनिअर. लग्न केलेलं नाही, आईबरोबर राहायचा. माणूस वाईट नव्हता. फार घाबरला होता. घाबरलेल्या माणसाला कोणावर तरी ओरडायचं असतं. तो काकूंवर ओरडला. काकूंनी ऐकून घेतलं.

दहाव्या दिवशी नोटीस आली. निष्काळजीपणा, अप्रशिक्षित सेविका, नुकसानभरपाई. मी वाचून दाखवली तोवर काकूंची ती खालून वर वाचून झाली होती. मागितलेली रक्कम त्या दोन खोल्यांच्या किमतीएवढी होती. काकांनी मशीन थांबवलं.

पुन्हा चष्म्याच्या दुकानावर.

‘आता कंपनी काढली तर?’ काकांनी विचारलं.

‘झालेल्या गोष्टीला उपयोग नाही. आज यांच्याकडे कंपनी नाही, काही नाही. यांनी ठरवलं नाही तरी कायद्याने ठरवून टाकलंय. एकटीची मालकी.’ मग वकिलांनी पेन फिरवत विचारलं, ‘ती शिडी. तिला तुम्ही नोकरीवर ठेवल्याचा कागद आहे?’

‘नाही.’

‘उत्तम.’

‘त्यात उत्तम काय?’

‘ती तुमची नोकर नव्हतीच. स्वतंत्र काम करणारी बाई. तुम्ही फक्त ओळख करून दिली. लग्न जुळवणाऱ्यासारखं. पुढे नवरा-बायकोचं फाटलं म्हणून जुळवणाऱ्याला कोणी कोर्टात ओढत नाही. असा एक कागद करू, तिची सही घेऊ. ती देईल ना?’

‘मी सांगितलं तर कोऱ्या कागदावर देईल.’

‘मग झालं. तिच्याकडे नेण्यासारखं काही नाही. दावा तिथे जाऊन थकून बसेल. तुमचं घर वाचलं.’

‘बरोबर वाटतंय,’ काका हळूच म्हणाले.

काकूंनी पिशवी मांडीवर घेतली.

‘तिला तसं चालवायला कोणी शिकवलं?’

‘काकू, हा तत्त्वाचा प्रश्न नाही, घराचा आहे.’

‘हात धरू नकोस म्हणून कोणी सांगितलं? मी. ती माझं ऐकून उभी राहिली. रुग्णालयातली आया असती तर दंड धरला असता आणि बाई पडल्या नसत्या. बाई उभ्या होत्या तोवर शिडी माझी. पडल्या की ती स्वतंत्र?’

वकिलांनी चौकोन काढला नाही.

‘नोटिशीचं उत्तर लिहा,’ काकू म्हणाल्या. ‘बाई आमची होती, शिकवण माझी होती. बाकी तुम्हाला काय लिहायचं ते लिहा.’

काकांनी चार दिवस बोलणं टाकलं. दोघांमध्ये मी.

‘एमए, तिला सांग, दूध संपलंय.’

‘एमए, त्यांना सांग, दुकान समोर आहे आणि पाय दोन आहेत.’

‘एमए, तिला सांग, उद्या दुकान समोर असेल, घर असेल की नाही ते तिने बघावं.’

यावर काकूंनी पिशवी भरली. टॉवेल, तेल, कंगवा, नखं कापायचं यंत्र.

‘चल,’ मला म्हणाल्या.

आम्ही मुख्याध्यापिका बाईंच्या घरी गेलो. त्या रुग्णालयातून घरी आल्या होत्या. मुलाने दार उघडलं. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

‘तुम्हाला नोटीस पाठवलीय,’ तो म्हणाला.

‘मिळाली. पिशवीत आहे. येऊ नका असं तिच्यात कुठे लिहिलेलं नाही.’

‘जे काही असेल ते वकिलाशी बोला.’

‘वकील वकिलाशी बोलेल. आईंना अंघोळ कोण घालतंय?’

त्याचं लक्ष स्वतःच्या ओल्या बाह्यांकडे गेलं.

‘दुसरी बाई मिळेपर्यंत दहा ते दोन मी येते. पैसे नकोत. आत घेतलं नाहीत तरी येईन, इथे पायरीवर बसेन. तुमच्या शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.’

आतून आवाज आला. बारीक, पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा.

‘कोण आहे? दारात कसली सभा? आत या नाहीतर बाहेर जा.’

काकू आत गेल्या. पलंगावर तळहात दाबला.

सात आठवडे त्या रोज गेल्या. सकाळी आठ ते साडेनऊ स्वतःचे फोन, दहा ते दोन बाई, मग बाकीची घरं. निवासगृहाच्या व्यवस्थापकांनी दोनदा विचारलं, नोंदणी कुठवर आली. काकू म्हणाल्या, एक मोठं माणूस उभं राहू दे. त्यांना वाटलं ही काही म्हण असेल.

मी कधी कधी बरोबर असायचे. बाई मला व्याकरणाचे प्रश्न विचारायच्या. माझी उत्तरं त्यांना पसंत नसायची. एका दुपारी मुलगा लवकर घरी आला. बाई खुर्चीत बसल्या होत्या, काकू त्यांचे पाय पुसत होत्या.

‘तू त्या उंच मुलीला का काढलंस?’ बाईंनी मुलाला विचारलं.

‘आई, तिने तुला पाडलं.’

‘मी पडले. हात मी सोडला.’

‘तू तिला सांभाळून घेतेयस.’

‘पस्तीस वर्षांत मी कोणाचा अर्धा गुण वाढवलेला नाही. पडदा वाकडा होता. मला वाकडं बघवत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.’

‘पण तिने तुला घट्ट धरायला नको होतं?’

बाईंनी दुसरा पाय काकूंपुढे केला.

‘धरलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी तिला काढून टाकलं असतं.’

तो काकूंकडे वळला. काकू मान खाली घालून बोटांच्या बेचक्या पुसत होत्या. नंतर मी विचारलं, बोलला का नाहीत. म्हणाल्या, ‘बाई बोलत होत्या की. वर्गात दोघांनी बोलायचं नसतं.’

सातव्या आठवड्याच्या शेवटी बाई वॉकर धरून खिडकीपर्यंत गेल्या. निघताना मुलाने काकूंच्या हातात पाकीट दिलं. आत दोन ओळी. नोटीस मागे घेत आहे.

‘माझं मत बदललेलं नाही,’ तो म्हणाला. ‘आईचं ऐकलं, इतकंच.’

‘पुष्कळ झालं,’ काकू म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही बसने न येता चालत आलो. वाटेत काकूंनी दोन संत्री घेतली. एक माझ्या वडिलांसाठी, एक काकांसाठी. घरी काका नव्हते. मशीनवर झाकण होतं, झाकणावर कापड कापायच्या खडूने लिहिलेला एक पुठ्ठा. त्यावर मापं होती. मशीनची लांबी-रुंदी, पलंगाची, कपाटाची. खाली तीन पत्ते. भाड्याच्या खोल्यांचे. दोन खोडलेले. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं: पलंग मावतो. मशीन मावतं. खिडकी नाही.

काकू स्टुलावर बसल्या. ज्या स्टुलावर काका रुग्ण व्हायचे, त्याच.

‘मला वाटलं, रुसून बाहेर जातात,’ त्या म्हणाल्या. ‘हा माणूस घर बघत फिरत होता गं. या डोळ्यांनी.’

मी पाणी दिलं. त्यांनी ते तसंच धरून ठेवलं.

‘दोन खोल्या आहेत, एमए. एक माझी धर. तिच्यावर उदार व्हायचा मला हक्क होता. मी दोन्हीवर झाले. आणि वर मान ताठ करून हिंडले.’

काका आले तेव्हा काकूंनी पाकीट पुढे केलं. काकांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, मग पुन्हा वाचलं. मशीनचं झाकण काढलं. म्हणाले, ‘दुकानातून दूध आणलंय.’

दुसऱ्या दिवशी वकिलांकडे काकूच बोलल्या.

‘कंपनी करा.’

‘मी पहिल्याच दिवशी सांगत होतो.’

‘तुम्ही सांगत होतात तेव्हा मला ती पळवाट वाटत होती.’

‘आणि आता?’

‘पळवाटच आहे. पण यांच्यासाठी ठेवायला हवी. माझ्या चुकीचं ओझं यांच्या खिडकीवर नको. मी स्वतः पळणार नाही, तेवढं माझ्याकडे.’

कंपनीला दोन संचालक लागत होते. वकिलांनी दुसऱ्या जागी काकांना गृहीत धरलं होतं.

‘म्हाताऱ्याला शिवू द्या,’ काकू म्हणाल्या. ‘शिडीला घ्या.’

वकिलांनी पेन खाली ठेवलं. मीही बघत राहिले. शिडी बाहेर जिन्यात उभी होती. काकूंनी तिला काम आहे एवढंच सांगून आणलं होतं. आत आली ती दाराची चौकट सांभाळत, वाकून.

‘काकू, माझ्या हातून बाई पडल्या,’ ती म्हणाली. ‘मला कशाला घेता?’

‘पडल्यावर पहिला फोन कोणाला केलास?’

‘रुग्णवाहिकेला.’

‘मग?’

‘तुम्हाला.’

‘क्रम बरोबर होता. चौदा जणींत दहा जणींनी आधी मला केला असता, रडत. मला विचारून मग रुग्णवाहिका. सही कर.’

‘संचालक म्हणजे काय करायचं असतं?’

‘आतापर्यंत करतेस तेच. वर लोकांच्या शिव्या खायच्या.’

‘त्या खातेच मी.’

‘मग शिकलेलीच आहेस.’

काकूंनी एक कलमही घालायला लावलं. कंपनीच्या माणसाकडून चूक झाली, तर संचालकांपैकी एकाने त्या घरी स्वतः जायचं आणि माणूस बरं होईपर्यंत जात राहायचं. वकील म्हणाले, असं कलम नसतं. काकू म्हणाल्या, घाला. वकील म्हणाले, घालता येईल, पण कोर्टात उपयोग शून्य. काकू म्हणाल्या, कोर्टासाठी नाहीच ते.

एक कागद राहिला. कंपनीला पत्ता लागतो. पत्ता त्या दोन खोल्यांचाच द्यायचा होता, आणि त्यासाठी घरमालकांचं संमतिपत्र हवं. मालक दोघं.

‘घर वाचवायला कंपनी काढायची,’ काका म्हणाले, ‘आणि मग तिलाच घरात ठेवून घ्यायची.’

‘पत्ताच द्यायचाय. ती काही पलंगावर झोपणार नाही.’

‘मशीन खिडकीतून हलणार?’

‘नाही.’

‘दारावर पाटी लागेल?’

‘लावावी लागते म्हणे.’

‘माझ्या पाटीच्या वर की खाली?’

काकांची पाटी जुनी होती. ‘कपडे शिवून मिळतील.’ काकू म्हणाल्या, बघू. काका म्हणाले, बघू नाही, ठरव, मग सही. दोघंही हसत होते, पण काकांनी सही खरंच अडवून ठेवली. आठ दिवस पाटीवरून वाद चालला. शेजारी-शेजारी लावा, मी म्हटलं. दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले की मी पुन्हा बोलले नाही.

वकिलांनी छापील नमुना दिला होता. काकूंना तो आवडला नाही. मी म्हटलं, मी लिहून देते.

‘तू नको. तू फार चांगलं लिहिशील. घर आमचं आहे, वेडंवाकडं आम्हीच लिहू.’

त्या सोमवारी मी साडेआठला गेले तेव्हा त्या फोनच्या टेबलाशी बसून लिहीत होत्या. काका समोर चेन उसवत होते. एक ओळ झाली, आणि फोन वाजला. ‘बोला.’ एक निवृत्त पोस्टमास्तर, घरी कोणी नाही, उद्यापासून बाई हवी होती. पहिला दिवस आजच करायला हवा होता. काकूंनी पेनला टोपण लावलं.

‘पाटीचं काय?’ काकांनी विचारलं.

‘येताना ठरवून येते.’

त्या इमारतीची लिफ्ट दुरुस्तीला होती. पोस्टमास्तर चौथ्या मजल्यावर. तिसऱ्याच्या अलीकडे काकू पायरीवर बसल्या. वरून उतरणाऱ्या एका गृहस्थाने विचारलं, बरं वाटत नाही का. ‘बसलेय जरा,’ त्या म्हणाल्या. त्याने वर जाऊन पाणी आणलं. तेवढ्या वेळात सगळं संपलं होतं. पिशवी मांडीवर होती, दोन्ही हात पिशवीवर.

त्या गृहस्थाने पिशवीतल्या नंबरावर शिडीला कळवलं, शिडीने मला फोन केला. ‘एमए, काकू गेल्या,’ म्हणाली, ‘आणि वर ते आजोबा एकटेच आहेत.’ त्या दिवशी ती माझ्याआधी तिथे पोचली होती. दुपारभर ती पोस्टमास्तरांकडे थांबली, काकूंच्या घरी आली नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता. आता येत नाही.

वकील घरी येऊन गेले. स्टुलावर बसले, ते त्यांना लहान पडत होतं. म्हणाले, कंपनी अजून जन्मली नव्हती, त्यामुळे तिचं काही बिघडलेलं नाही. दुसरा संचालक घेऊन नव्याने अर्ज करता येईल. निवासगृहाने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. घराचा पत्ता चालेल, आता एकट्या काकांची संमती पुरेल.

काका म्हणाले, ‘एकट्याची कशी? तिने सुरू केलंय ते.’

त्यांनी मशीनच्या खणातून तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ‘एमए, पुढचं लिही. मी सही करतो.’

मी तीनदा बसले. कागद अजून तसाच आहे. काकूंच्या मोठ्या, उजवीकडे चढत जाणाऱ्या अक्षरात एकच ओळ:

‘आम्ही खाली सह्या करणार, या दोन खोल्यांचे मालक, नवरा आणि बायको, राजीखुशीने लिहून देतो की आमच्या घरात आजपासून’